जखमेत तिखट

मंगळवार, संध्याकाळ

आज ह्यांनी चार वर्षांच्या नातीच्या जखमेत लाल तिखट भरलं, म्हणून लिहायला बसले. नाहीतर ओरडतच राहिले असते.

गौरी आणि आमचा मोत्या रोज एकाच भाकरीवर जेवतात. एक घास हिचा, एक त्याचा. आज हिनं त्याच्या तोंडातला तुकडा ओढला आणि त्याचा दात बोटाला लागला. तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. तिखटानं फुटलेली किंकाळी ऐकून मी गच्चीवरून धावत आले, तर हे म्हणतात, "कुत्रं चावलं की तिखटच लावावं लागतंय. माझ्या आज्यानं बी हेच केलतं." तिखट! एवढ्याशा बोटात!

साबणानं तिचा हात धुतला, दवाखान्यात नेलं, पहिलं इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही तर शिकलेल्या ना?" माझी बीएस्सी काय चाटायचीय? चाळीस वर्षांत ह्यांना एवढंही सांगितलं नाही मी?

घरी मोत्या शेपूट हलवत आला, तर गौरी माझ्यामागे दडली. "आजी, मोत्याच्या दातात तिखट हाय."

"उद्या रेणापूरला शेतावर सोडून येतो त्याला," हे म्हणाले. वा! तिखट ह्यांचं आणि घराबाहेर मोत्या! मी म्हणाले, "आधी तिला खरं सांगा."

हे तिच्यापुढे उकिडवे बसले. "म्या लावलं, बाई. मोत्यानं न्हाई."

ह्यांच्या हाती दिलं: इंजेक्शनचं कार्ड. उरलेल्या सगळ्या तारखांना हेच तिला नेणार.

गौरीनं मोत्याला दिलं: एक बिस्कीट. लांबूनच, फेकून.