माझ्या नावावरचे मोहाचे लाडू

१२ जून १९८१, पवनी
गृहविज्ञानाचा वर्ग बंद. यंदापासून त्या खोलीत टायपिंग. हेडमास्तर केशवराव म्हणाले, "शिवण-स्वयंपाक पोरी घरीच शिकतात, सुशीलाबाई. कपाट तेवढं रिकामं करून द्या."
दिवसभर कपाटापुढं बसून होते. काज-बटणांचे नमुने, चौरस आहाराचा तक्ता, अन् माझी मासिकं — बारा वर्षांची. पोस्टमन अंक घेऊन आला की पोरी तास सोडून भोवती जमायच्या. कुणाला झबल्याचा कागदी साचा हवा, कुणाला लोकरीची वीण. नव्या अंकाच्या शाईचा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहायचा. आता असं कोण वाट पाहणार?

१३ जून
ऑक्टोबर १९७३चा अंक सापडला. पाककृती स्पर्धा, पहिलं बक्षीस. 'मोहफुलांचे लाडू — सौ. सुशीला मधुकर, पवनी.' रद्दीच्या गठ्ठ्यात नाही ठेवला. पिशवीत घालून घरी आणला. ह्यांना दाखवला नाही.

१५ जून
लिहूनच टाकते. ते लाडू माझे नव्हते.
तुळसा नववीत होती. आनंदरावांची पोरगी, बौद्ध मोहल्ल्यातली. प्रात्यक्षिकाला घरून एक पदार्थ करून आणायचा होता. तिनं मोहफुलं भाजून, कुटून, तीळ-गूळ घालून लाडू आणले. "माह्या आईची रीत हाय, बाई," म्हणाली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हा वर्ग आहे, दारूची भट्टी नाही." पोरी हसल्या. तिनं डब्याला झाकण लावलं.
कृती मात्र तिच्या वहीत होती, अन् वही माझ्याकडे तपासायला. महिन्याभरानं घरी करून पाहिले. ह्यांना फार आवडले. मासिकाला लिहून पाठवलं — 'माझ्या आजोळचा पदार्थ.'
अंक आला तेव्हा वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी तुळसाचीच. त्या पानावर थांबली. पान उलटलं, पुढचं वाचलं. दहावीत तिनं विषय बदलला. मी कारण विचारलं नाही.

१८ जून
आमच्या शाळेतल्या शिपाईण कुंताबाई म्हणाल्या, "तुळसा ना? चिखल्याले नर्स हाय. खाणीच्या कॉलनीत राह्यते."
जावं का? कोणत्या तोंडानं?

२१ जून, रविवार
जाऊन आले. भंडारा, तुमसर, मग चिखला — तीन गाड्या.
तुळसानं लगेच ओळखलं. खुर्ची पुढं केली. खोली लहान, नीटनेटकी, भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी अंक तिच्यापुढं ठेवला. म्हणाले, "हे तुझं. मी चोरलं."
तिनं पान पाहिलं. "मले तवाच कळलं होतं, बाई. घरी सांगतलं तं आई खुश झाली. म्हणे, आपला लाडू छापून आला."
"तुला राग नाही आला?"
"नावाचा नाही आला."
चहा ठेवला. पाठमोरीच होती, अन् बोलली, "एक इचारू? प्रात्यक्षिकाले तुमी सगळ्या पोरींचं चाखून मार्क देल्ले. माहा लाडू चाखला नाही. तो मोहामुळं, का माह्यामुळं?"
मी म्हणाले, "मोहामुळंच गं."
"बरं," म्हणाली. चहा दिला. मी सगळा प्याले. बसपर्यंत सोडायला आली. अंक परत माझ्या हातात दिला — "तुमचा हाय, ठेवा."
येताना हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२२ जून
मोहामुळं नव्हतं. त्याआधी आठवीत वर्षभर तिनं शिरा केला, पोहे केले, थालीपीठ केलं. मी तेही कधी चाखलं नव्हतं. तिला हे माहीत होतं, तरी तिनं विचारलं.