पान्याच्या दोन फेऱ्या

प्रिय खारूताई,

बाबांना विसरलीस का, असं परवा फोनवर तू विचारलंस आणि मी गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवला. तुझ्या आईला बोलण्यापेक्षा पाना चालवणं सोपं जातं, हे तुला ठाऊकच आहे. म्हणून गॅरेजच्या बाकावर बसून लिहितेय. दुपार कलली आहे. छतातल्या काचेतून ऊन तिरकं उतरलंय, त्यात धूळ अगदी सावकाश तरंगतेय, आणि समोर चष्मेवाल्यांची जुनी गाडी बॉनेट उघडं टाकून झोपल्यासारखी उभी आहे. हो, तेच चौकातले चष्मेवाले, ज्यांचा विषय निघाला की हल्ली तुला फोन ठेवायची घाई होते.

अशाच उन्हात तू या बाकाखाली बसायचीस. खिशात नट दडवायचीस, म्हणून बाबांनी तुला खारूताई केलं. एकदा त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण काढून तुला व्हॉल्व्ह दाखवले होते, आठवतं? एक दार ताजी हवा आत घेणारं, दुसरं जळलेला धूर बाहेर सोडणारं. ते पान्याने इंजिन हळूहळू फिरवत होते, आत पिस्टन खालीवर होत होता आणि वर फिरणाऱ्या कॅमच्या दांड्यावरचे उंचवटे एकेक दार दाबून उघडत होते. पिस्टन धूर ढकलत पार वर आला आणि तू टाळी पिटून बाबांची चूक पकडलीस, की दोन्ही दारं एकदमच उघडी राहिली! बाबा हसून बेजार. मग त्यांनी समजावलं, की एवढासा वेळ दोन्ही उघडी हवीतच. धूर वेगाने निघून जाताना मागे ओढ सोडतो आणि त्या ओढीने नवी हवा आत येते. जुनं दार पुरतं लागायची वाट बघत बसलं तर गाडी पळताना इंजिनाला धाप लागते. तुला काही ते पटलं नाही. आठवडाभर तू घरात एक दार लावल्याशिवाय दुसरं उघडू देत नव्हतीस, आणि आम्ही दोघं हातात ताटं घेऊन तुझ्यामागे ताटकळत उभे.

बाबा गेल्यावर मीही तेच केलं बघ. त्यांचा कामाचा डगला घडी करून कपाटात, त्यांचा कप फळीवर मागे. आधी हे सगळं बंद होऊ दे, मग पुढचं बघू, असं ठरवलं. आणि त्यानंतरचा पहिलाच टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि त्या दारांची वेळ जुळवणारा पट्टा, मी एक दात चुकवून बसवला. बेल्ट बसवला की बाबा पान्याने इंजिनाला दोन पूर्ण फेऱ्या द्यायचे, आणि पांढऱ्या खुणा पुन्हा जुळल्या तरच चावी लावायचे. मी त्या फेऱ्या टाळल्या. फेऱ्या देताना ते गुणगुणायचे ना गं, आणि मला ती शांतता सोसवेना. गाडी सुरू झाली, पण जागच्या जागी आचके द्यायला लागली.

ती गाडी चष्मेवाल्यांची. ते चिडले नाहीत. मी बेल्ट पुन्हा काढला तेव्हा ते दिवा धरून उभे राहिले, आणि पाना हातात घेऊन मी थबकले तेव्हा त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. मग ते येतच राहिले, कधी गाडीच्या निमित्ताने, कधी उगाच. आम्ही काय बोलतो, असं तुला वाटत असेल. बहुतेक तुझ्या बाबांबद्दलच बोलतो. बाबा मला आवडायचे म्हणूनच हा माणूस मला आवडायला लागला, हे विचित्र वाटेल, पण खरं आहे.

त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी हो म्हणणार आहे, आणि ते सगळ्यांत आधी तुला कळावं म्हणून हे पत्र. बाबांचा डगला मी पुन्हा खुंटीवर टांगलाय. चष्मेवाल्यांनी आपल्या कोटासाठी शेजारी दुसरी खुंटी ठोकली, जरा वाकडीच. त्यांच्या गाडीला आज नवा बेल्ट बसवलाय, खुणा जुळवल्यात, पण फेऱ्या अजून दिलेल्या नाहीत. त्या तुझ्यासाठी राखून ठेवल्यात. रागावलेली असलीस तरी ये. पाना तू फिरव, आणि बाबांचं ते गुणगुणणं तेवढं कर. मला सूर लागत नाही, तुला लागतो. तोवर मी चावीला हात लावणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई