झरोक्यांभोवतीच्या पट्ट्या

गुरुजी, शाळेकडून एक छापील पत्र आलं आहे. शाळा मोठा समारंभ करणार आहे, स्मरणिका काढणार आहे, आणि जुन्या विद्यार्थ्यांनी तुमच्या आठवणी दोन पानांत, सुवाच्य अक्षरात पाठवाव्यात असं त्यात म्हटलं आहे. खाली कुणीतरी शाईनं वेगळं लिहिलंय, ‘आपण गुरुजींचे लाडके होता, आपलं लिखाण हवंच.’ ते वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. बायकोनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही न्हाई. मी गुरुजींचा लाडका हुतो म्हणं." तिनं पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "मग लिवा की. काय काय लाड केलं त्ये समदं लिवा." म्हणून बसलो आहे. पण स्मरणिकेला लागतं तसं गोड मला लिहिता येत नाही, तेव्हा सरळ तुम्हालाच लिहितो. त्या वाचनालयाच्या खोलीचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं तेव्हा तुम्ही समोर बसला होता आणि खरं ते बोलला नाहीत. तुम्हाला जाऊन वीसच्या वर वर्षं झाली, तरी मी अजून तिथंच अडकलो आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ करून टाकतो. तुम्ही पाहुण्यांना माझी ओळख करून देताना नेहमी म्हणायचात, "हा माझ्या हाताखाली तयार झालेला कारागीर." गुरुजी, तुमच्या हाताखाली मी चौथीपर्यंत पाढे आणि शुद्धलेखन शिकलो. सुतारकाम मला कुणीही शिकवलेलं नाही. आमचं कुणब्याचं घर. मी पहिल्यांदा रंधा हातात धरला तेव्हा वडील म्हणाले, "तिफन धराया लाज वाटती व्हय?" गावच्या सुतारानं तर मी जवळ गेलो की हत्यारांवर पोतंच टाकायचं. शाळेतला मोडका बाक तुम्ही जळणाला दिलात, तो मी घरी नेला. त्याचा एकेक सांधा सोडवला, परत बसवला, परत सोडवला. असा एक पावसाळाभर. कोन कसा काटकोनात येतो, लाकूड कुठल्या अंगानं फाटतं, हे मला त्या बाकानं सांगितलं. हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण बाक देणारे तुम्हीच. तरी पाहुणे आले की ‘माझ्या हाताखाली’. आपल्या गुरुजींना चारचौघांत खोडून काढायचं नसतं, एवढं मात्र मी खरंच तुमच्याकडून शिकलो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. दोन वर्षं सलग पाऊस हुकलेला, आमच्या पाथर्डीच्या अंगाला विहिरींत उतरून वाटीनं पाणी भरावं लागायचं, आणि अर्धा गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. अशा वेळी तुम्ही वाचनालयाची खोली बांधून पुरी करत होता. लोक हसत होते, पण तुमचं म्हणणं मला पटलं होतं. आपल्याकडची घरं मातीच्या धाब्याची, आत भर दुपारी अंधार. छताला एक साणं, वीतभर भोक, त्यातून धूर बाहेर जाणार आणि उजेड आत येणार. पाऊस आला की कुणीतरी वर चढून त्यावर घमेलं पालथं घालायचं. तुम्ही म्हणायचात, "घमेलं घातलं की घराची अक्कल झाकली. मला छपरातून वर्षभर उजेड देणारी खोली पाहिजे." त्यासाठी पत्र्याच्या छपरात चार झरोके काढायचे, त्यांना काच बसवायची, आतून लाकडी तक्तपोशी करायची, आणि तक्तपोशीपासून काचेपर्यंत चारी बाजूंनी फळ्या लावून त्यांच्या खालच्या कडेभोवती पट्ट्यांची चौकट करायची. छप्पर आणि काचा नगरच्या कंत्राटदाराकडं, आतलं लाकूड माझ्याकडं. गावातले लोक त्याला ‘गुरुजींची साणी’ म्हणायचे. तुम्ही रागवायचात, "झरोका म्हणा, झरोका!"

मी परांचीवर चढलो आणि पहिल्याच झरोक्याला सुतळी लावली. दोन्ही कर्ण मापले. दीड इंचाचा फरक. दुसऱ्याला एक इंच. तिसरा बरा होता, पण भिंतीशी समांतर नव्हता. चौथा तर असा, की कुणी चालत्या बैलगाडीत बसून कापावा. चार झरोके, सोळा कोपरे, आणि एकाही कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या बसत नव्हता. मग मी शिडी लावून वर गेलो. तिथं त्याहून वाईट. उतारावरून येणारं पाणी चौकटीच्या वरच्या अंगाला अडतं, म्हणून तिथली पत्र्याची पट्टी वरच्या पत्र्याच्या पोटात सरकवायची असते. कंत्राटदारानं ती वरूनच ठोकली होती आणि कडेनं डांबर फासलं होतं. उन्हानं डांबराला भेगा पडायला लागल्या होत्या. तो खाली तुमच्याशेजारी सावलीत पान खात बसला होता. मी म्हटलं, "मालक, हे गळंल." तो म्हणाला, "कशानं गळंल? तुमच्या गावात पाऊस तरी हाय का?" आणि स्वतःच खोखो हसला. तुम्हीही हसलात, गुरुजी. थोडंसं, पण हसलात.

आपल्याकडं धाब्यावर पांढरी माती टाकली की घागरी ओतून बघतात. कुठं ओल धरते ते कळल्याशिवाय कुणी खाली संसार मांडत नाही. मी तेवढंच मागितलं. झरोक्यामागं एक, अशा चार घागरी. मी शाळेच्या फाटकाशी तुम्हाला गाठलं तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता आणि बायका हंडे घेऊन तिथंच उभ्या होत्या. मी माझं म्हणणं मांडलं, आणि तुमचा आवाज चढला. "अरे, ह्या माउल्या दोन दोन तास उन्हात उभ्या राहून एक हंडा नेतात, आणि तू छपरावर पाणी ओतणार? तुला लाज कशी वाटत नाही?" त्यांतली एकजण लगेच म्हणाली, "आमची ढोरं तहानेनं हंबारत्यात, अन् ह्याच्या पत्र्याला पानी पायजे!" दुसरी म्हणाली, "पाज बाबा पाज, पत्रा दूद दील." सगळ्या हसल्या. मी तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, गुण्या हातात घेऊन उभा. मी म्हटलं, "मग पट्ट्या पाऊस पडल्यावर लावू. तोवर उघडं राहू द्या." तुम्ही म्हणालात, "अक्षय्य तृतीयेला उद्घाटन आहे, जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. त्यांना काय छताची आतडी दाखवू? तुला जमत नसेल तर सांग, मी दुसरा बघतो."

जमत नसेल तर! हे तुम्ही मला म्हणालात.

मग मी जमवून दाखवलं. त्या सोळा कोपऱ्यांवर मी एकवीस दिवस काम केलं. वाकड्या भोकाला सरळ पट्टी लावली की वाकडेपणा दुप्पट दिसतो, हे कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून मी प्रत्येक पट्टी वेगळी तासली. एका टोकाला दोन इंच, दुसऱ्या टोकाला सव्वातीन, पण उतार इतका संथ की डोळ्याला पत्ता लागू नये. भोक वाकडं ते वाकडंच राहिलं, पण खाली उभ्या माणसाला चौकोन दिसावा. कोपऱ्याचे काट पंचेचाळीस अंशांचे नव्हतेच, कुठं एक्केचाळीस, कुठं अठ्ठेचाळीस. प्रत्येक काट जागेवर धरून, खूण करून, कापून, परत धरून. एकाही सांध्यात फट बुजवायची लांबी भरली नाही, नखही शिरत नव्हतं. सागवान नगरच्या वखारीतलं, त्यातल्या रेषासुद्धा मी चारी बाजूंनी फिरत याव्यात अशा लावल्या. हे कुणी बघितलं नाही. बघायला ते यायला लागतं.

उद्घाटनाला साहेबांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "वा! काय सफाई आहे." तुम्ही कंत्राटदाराला पुढं बोलावलंत. त्याला फेटा बांधला, नारळ दिला. मग माझ्याकडं वळून, "हा माझ्याच हाताखाली तयार झालेला," आणि नारळ. फेटे संपले होते म्हणे. घरी आलो तर बायको म्हणाली, "निस्ता नारळ? म्हंजी कामावरनं काढलं का काय तुमाला?" मी हसलो नाही. पण त्या खोलीत सकाळी नऊच्या सुमाराला चार चौकोन जमिनीवर पडायचे, ते बघायला मी कामाचं निमित्त काढून जायचो. वरच्या वाकड्या काचेतून यायचे म्हणून ते वाकडे पडायचे हे फक्त मला दिसायचं. तुम्ही तिथं मांडी घालून पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसायचात. गावोगाव फिरून, मागून आणलेली पुस्तकं. चौथ्या झरोक्याखाली उजेड चांगला म्हणून त्यांचं कपाट तुम्ही तिथं ठेवलंत.

पाऊस आषाढात आला, आणि आला तो दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई मला बोलवायला आला. पाणी फळ्यांच्या मागून उतरून माझ्या पट्टीच्या खालच्या कडेवर जमलं होतं आणि तिथून धार लागून सरळ कपाटावर. वरचे दोन खण लगदा झाले होते. तुम्ही एकेक पुस्तक उघडून कोरड्या धोतरावर पालथं घालत होता, माझ्याकडं बघितलं नाहीत. संध्याकाळी त्याच खोलीत वाचनालयाची कमिटी बसली. कंत्राटदार म्हणाला, "काच माजी बराबर बसल्याली हुती. सुतारानं खिळे ठोकठोकून चौकट हालवली. बघा की, पानी येतंय कुठून? ह्याच्या पट्टीतनं येतंय." सरपंच माझ्याकडं वळले, "व्हय का रं?" मी सांगितलं, वरची पत्र्याची पट्टी उलटी आहे, चला वर, दाखवतो. सरपंच म्हणाले, "पावसात कोन चढतंय?" मी म्हटलं, "गुरुजींना विचारा. मी पाणी ओतून बघायचं म्हणालो हुतो का न्हाई?"

सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मग म्हणालात, "आता ते बोलून काय उपयोग? तू जरा जपून ठोकायला हवं होतंस."

एवढंच. ‘हो, तो म्हणाला होता,’ हे चार शब्द तुम्हाला जड झाले. त्यानंतर पंचक्रोशीत मला कुणी दार बसवायलाही बोलावलं नाही. त्याच दिवाळीला मी बिऱ्हाड नगरला हलवलं. तुम्ही पुढच्या वर्षी गेलात, निरोप वेळेवर मिळाला, बसही होती, मी आलो नाही. नगरला माझं नाव झालं, आता सुप्याच्या कारखान्यांची ऑफिसं मी करतो, आणि छपरात काच असली तर पाणी ओतून बघितल्याशिवाय हत्यार उघडत नाही. इंजिनिअर लोक कुरकुरतात. कुरकुरू देत. पण गावात अजून कुणाचं छत गळलं की माझं नाव निघतं, हे मला भाचा सांगतो.

हे सगळं स्मरणिकेला जसंच्या तसं पाठवायचं ठरवलं होतं. छापा म्हणावं, लाडक्याचं लिखाण. पाकीटही आणून ठेवलं होतं. पण लिहिताना मापं बरोबर द्यायची माझी सवय, आणि एक माप मी दिलेलं नाही. कमिटीला दिलं नाही, बायकोलाही नाही.

चौथ्या झरोक्याची वरच्या अंगाची पट्टी लावायच्या आधी मी आडवा होऊन फळीच्या मागं बघितलं होतं. तिथं डांबर सुटलं होतं आणि आकाशाची एक रेघ दिसत होती. वीतभर लांब, सुताएवढी रुंद. गुरुजी, तुम्ही अगदी खाली होता, सात फुटांवर, पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवत होता. ‘जरा वर या’ म्हणायचं होतं. तुम्ही शिडी चढून आला असता, तुम्हाला ती रेघ दिसली असती, आणि पाण्याची गरजच उरली नसती. मला फाटकाजवळच्या बायकांचं हसणं आठवलं. मनात म्हटलं, राहू दे, ह्यांना दुसरा बघायचाय ना. तुम्ही खालून विचारलंतसुद्धा, "झालं का रे?" मी म्हटलं, "झालंच," आणि पट्टी ठोकली. ती इतकी नेमकी बसली की रेघ पार बुजली. ती सगळ्यांत चांगली बसलेली पट्टी होती.