मागच्या गोळ्याचा आवाज

अ‍ॅशबर्न
६ एप्रिल २०२५

चि. उपासनाला आजीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू पोचलीस तो फोन आला, बरं वाटलं. पण फोनवर काय बोलणार? तुझी आई फोन टेबलावर मधोमध ठेवते आणि सगळं घर ऐकत बसतं. पत्र कसं, दोघींचंच. माझ्या अक्षराला हसू नकोस. मी पाटी धरली तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते, प्रौढ वर्गात. शेजारी बसायची ती सून आणि मी सासूच्या वयाची, पण जोडाक्षरं तिच्याआधी मला आली.

तर बाई, गाडी काय सुंदर घेतलीस. निळी. आणि उंच किती. चढताना त्या विकणाऱ्या म्हाताऱ्याने मला लाकडी खोका आणून दिला आणि टोपी काढून उभा राहिला, जशी मी मंत्रीच आहे. मागच्या सीटवर बसले तर शेतं, गायी, लोकांची परसं, सगळं खाली दिसायला लागलं. इथे आल्यापासून तुझ्या बापाच्या बुटक्या गाडीत मला नुसती पुढच्या गाडीची पाटी दिसते.

काल विहारात सुलेखाताईंनी विचारलं की नात काय करते. त्यांची अनिका कॉम्प्युटरमध्ये, बाकीच्यांचीही तिथेच. मी सांगितलं, आमची नालबंद आहे, घोड्यांना नाल ठोकते, स्वतःची ऐरण आहे, भट्टी आहे, आता स्वतःची गाडीसुद्धा आहे. दोन मिनिटं कुणी चहाचा घोट घेतला नाही. मग सुलेखाताईंनी विचारलं, घोडा लाथ मारत नाही का. मी म्हटलं, माणसापेक्षा कमी.

तुझ्या बापाचं मनावर घेऊ नकोस. त्याचं म्हणणं एकच, की आजोबांनी ट्रक हाकला, त्याने कॉम्प्युटर धरला, आणि पोरगी पुन्हा लोखंडाकडेच निघाली. गाडीने एकदा जरी दगा दिला तर हे खूळ बंद आणि घरी येऊन पुढचं शिक्षण, असं त्याने तुझ्याकडून कबूल करून घेतलंय ते मला आवडलं नाही. पण गाडी आजीने पारखली आहे, असं तू म्हणालीस आणि तो गप्प झाला. लहू ड्रायव्हरची बायको गाडीचा आवाज ओळखते हे त्याला ठाऊक आहे. परवा तू गाडी दारात लावलीस तेव्हा त्याने गाडीला एक फेरी मारली आणि चहा न घेता आत गेला. का कोण जाणे.

गाडीतून आवाज येतो म्हणतेस, तो टायरचाच असेल. टायर जुने झाले की गुणगुणतात. फार विचार करू नकोस. डब्यात ठेचा दिलाय, तो घोड्यांपासून लांब ठेव.

लोभ आहेच, तो पत्राने ताजा ठेव.

तुझी आजी,
गिरजाबाई

---

शार्लट्सव्हिल
१० एप्रिल २०२५

ती. आजीस सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आलं. मी ते ऐरणीवर ठेवून वाचलं, म्हणून कोपरा काळा झाला आहे. माझं मराठी शनिवारच्या शाळेतलं आहे, मिस्टेक असतील तर बाबांना दाखवू नकोस.

गुड न्यूज आधी. डोंगराच्या पलीकडे एक मोठा तबेला आहे, तिथलं काम मला मिळालं. सतरा घोडे, दर सहा आठवड्यांनी. पहिली तारीख एकवीस एप्रिल, सोमवार. हे काम टिकलं तर बाबा काय म्हणतात याचं टेन्शन मला राहणार नाही. तिकडे जायला डोंगर चढून परत उतरायचं, रस्ता अरुंद आहे आणि एका बाजूला दरी. मागे ऐरण, भट्टी, गॅसचे सिलिंडर, नालांची खोकी, सगळं मिळून खूप वजन होतं.

आता दुसरी न्यूज. तू टायर म्हणालीस म्हणून मी चारही टायर नवीन टाकले. आवाज तोच आहे. थोडा जास्तच. मागून येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की घूं करतो, पाय काढला की बारीक होतो, जसं कुणी झोपेत कण्हतंय. आमच्या गल्लीतला आर्य, जो गाड्यांचे व्हिडिओ बघून एक्स्पर्ट झाला आहे, तो म्हणतो की चेक कर. मी त्याला म्हटलं की माझ्या आजीने पास केली आहे आणि माझ्या आजीने तुझ्या व्हिडिओंपेक्षा जास्त ट्रक ऐकले आहेत. तो हसला. मी नाही हसले, कारण मला ते खरं वाटतं.

टेस्ट ड्राइव्हला मी आरशातून तुला बघत होते, आठवतं? तू डोळे मिटून बसली होतीस आणि चेहरा इतका शांत होता. मी विचारलं, हा कसला आवाज, तेव्हा तू डोळे न उघडता टायर म्हणालीस. म्हणून मी त्या म्हाताऱ्याला पुढे काही विचारलंच नाही. तो बरोबर आन्सर असेल ना, आजी?

ठेचा संपला. घोड्यांनी नाही खाल्ला.

तुझ्या लाडाची वाट बघणारी,
उपासना

---

अ‍ॅशबर्न
१४ एप्रिल २०२५

चि. उपासनाला अनेक आशीर्वाद आणि जयंतीचा जयभीम.

आज फोनवर मी तुला एवढंच सांगितलं की माझं पत्र वाचल्याशिवाय ती गाडी डोंगरावर न्यायची नाही. तू हसत हो म्हणालीस. पलीकडे तुझी आई खीर ढवळत होती, हॉलमध्ये पंधरा माणसं, मी जास्त काय बोलणार? घरातली जयंती झाली, वंदना झाली, सगळे खुशीत जेवले, आणि माझी खिरीची वाटी तशीच राहिली. आता सगळे गेले, मी खिडकीशी बसून लिहिते आहे.

बाळा, तो आवाज टायरचा नाही. मला त्या दिवशीच ठाऊक होतं. गाडी दुसऱ्या वळणावर आली तेव्हाच कळलं, कारण तो माझ्या बुडाखालूनच येत होता. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्यात दात्यांची चाकं एकमेकांत फिरतात. दाते झिजले की असा आवाज येतो. हे मला तुझ्या आजोबांनी शिकवलं.

ऐक. ते ओतूरहून कांदा भरून माळशेज घाट उतरून कल्याणला न्यायचे. ट्रक मालकाचा. एके वर्षी त्याचा मागचा गोळा बोलायला लागला. घूं, घूं. मैलभर आधी कळायचं की हे आले. मी तवा ठेवायची, पहिली भाकरी फुगेपर्यंत ट्रक दारात. तुझा बाप तेव्हा बारा वर्षांचा, तो रस्त्याकडे पळायचा. आजोबा म्हणाले की गोळा खोलून घ्यायला पाहिजे. आणि मी काय म्हटलं असेल? मी लाजत म्हटलं, राहू द्या की थोडे दिवस, मला कळतं तरी तुम्ही येताय ते. ते हसले. तो हसलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

नंतर महिन्याभरात घाटात मागची चाकं जागच्या जागी अडकली. ट्रक फिरून कड्यावर आदळला म्हणून दरीत गेला नाही. पण त्यांचा खुबा मोडला तो मोडलाच. पुन्हा त्यांनी चाक हातात धरलं नाही. शाळेच्या फाटकाशी स्टुलावर बसून अठ्ठावीस वर्षं राखण केली. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, मीही कधी विषय काढला नाही. बोल लावला असता तर बरं, असं मला रोज वाटायचं.

आता तुला कळलं असेल मी डोळे का मिटले होते. चाळीस वर्षांनी तो आवाज आला बघ. मला वाटलं आत्ता कांद्याचा वास येईल. तू विचारलंस आणि मला भीती वाटली की खरं सांगितलं तर तू गाडी बंद करशील आणि तो आवाज थांबेल. म्हणून टायर म्हणाले. एका म्हातारीच्या सुखासाठी पोरीच्या जिवाशी खेळले, आणि घरी येऊन सुलेखाताईंसमोर मिरवलेसुद्धा. पत्रातही पुन्हा तेच खोटं लिहिलं. एकदा केलं ते अडाणीपणाने म्हणशील, पण दुसऱ्यांदा कशाने?

आता गाडी खोलून घे. काम गेलं तर जाऊ दे, घोडे पुन्हा मिळतील. बाप ओरडेल तर माझं नाव सांग. मी खोटं बोलले असं सरळ सांग, मी नाकबूल करणार नाही.

तुला राग आला असेल तर राग कर, पण तोही कागदावर लिहून पाठव. काहीच न आलं तर मला सोसायचं नाही.

तुझी अपराधी आजी,
गिरजाबाई

---

शार्लट्सव्हिल
१९ एप्रिल २०२५

ती. आजीस सप्रेम जयभीम, वि. वि.

राग आला. तू लिही म्हणालीस म्हणून लिहिते. गुरुवारी पत्र वाचलं आणि मी दिवसभर तुला फोन केला नाही, मुद्दाम. मला वाटलं होतं की जगात एक माणूस आहे जो मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नाही. तू तर तुला बरं वाटावं म्हणून बोललीस. ते जास्त वाईट की कमी, मला अजून कळत नाही.

शुक्रवारी गाडी उचलून मेकॅनिकने मागचं झाकण काढलं. आतलं तेल काळं, आणि त्यात चमचमणारे लोखंडाचे कण. दोन दात्यांचे कोपरे तुटले होते. मी विचारलं किती दिवस चाललं असतं. तो म्हणाला, महिनाभर चाललं असतं किंवा एक चढ. मग मी बाहेर जाऊन फुटपाथवर बसले. तू फोन केला नसतास तर याच आठवड्यात रस्ता बघायला मी डोंगरावर जाणारच होते.

नंतर मी बाबांना सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं, सॉरी.  ऐकून ते म्हणाले की त्यांनीही दारात गाडी उभी राहता राहता तो आवाज ओळखला होता. म्हणून चहा न घेता आत गेले. त्यांना वाटलं, मोडू दे एकदा, पोरगी घरी येईल. हे सांगताना बाबा रडले. मी बाबांना रडताना आधी ऐकलं नव्हतं.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती तुला माहीत नाही. अपघाताच्या आधी आजोबा त्यांना घेऊन मालकाच्या वखारीत गेले होते. गोळा खोलून द्या, नाहीतर घाटात गाडी नेणार नाही, असं आजोबांनी त्यांच्यासमोर सांगितलं. मालक म्हणाला, कांद्याचा हंगाम संपू दे, नाहीतर चावी ठेव आणि जा. आजोबांनी चावी ठेवली नाही. येताना बाबांना बजावलं की घरी सांगायचं नाही, तुझी आई घाबरेल. बाबांनी इतकी वर्षं नाही सांगितलं, कारण तू स्वतःला दोष देतेस हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तू कुणाला बोललीच नाहीस.

तबेल्याच्या बाईंना मी खरं कारण सांगून एक आठवडा मागितला. त्या म्हणाल्या की सतरा घोड्यांना बिघडलेल्या गाडीतून येणारी नालबंद नकोच आहे, अठ्ठावीसला या. बाबा येताहेत, मंगळवारी नवीन दाते बसवतील तेव्हा स्वतः बघायला. त्यांनी सुट्टी घेतली आहे. दगा दिला म्हणून परत चल, असं अजून तरी म्हणाले नाहीत.

राग थोडा उरला आहे. भाकरी खाताना जाईल.

तुझीच,
उपासना

---

अ‍ॅशबर्न
२४ एप्रिल २०२५

चि. उपासनाला आजीचे आशीर्वाद.

तुझं रागाचं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे. त्यातला सगळा राग खरा आहे, एकही ओळ खोडू नकोस.

तुझा बाप काल तुझ्याकडून परत आला आणि माझ्याजवळ बसून मालकाच्या वखारीचं सगळं सांगितलं. त्याने शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला एक लोखंडाचा तुकडा काढला, तुझ्या गाडीतल्या दात्याचा तुटलेला कोपरा. एवढासा, बोराएवढा. म्हणाला, नवे दाते बसवल्यावर आता आवाज येत नाही, आणि पोरीने त्या मेकॅनिकला खाली वाकून प्रश्न असे विचारले की तो मलाच विचारायला लागला ही कुठे शिकली. हे सांगताना तो हसत होता. पुढच्या शिक्षणाचं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही.

मालकाने नाही म्हटलं हे खरं असेल. मी राहू द्या म्हटलं हेही खरं आहे. दोन्ही माझ्यापाशी राहतील. पण काल रात्री पहिल्यांदा मला तुझे आजोबा स्टुलावर नाही, ट्रकमध्ये दिसले. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मला घाबरवलं असतंत तर काय बिघडलं असतं?

सोमवारी डोंगर सावकाश उतर. आणि तिथून इकडे येशील तेव्हा निघताना फोन कर, वाटेत थांबलीस तरी कर, गल्लीच्या तोंडाशी आलीस की पुन्हा कर. आता तुझी गाडी मुकी झाली. मी आवाजाच्या भरवशावर तवा ठेवणार नाही.

तुझी आजी,
गिरजाबाई