कुंडीवरची पाटी

४ डिसेंबर
दादा म्हणतो पाणी घातलं नाही, मी म्हणते त्यानेच घातलं — म्हणून लिहायला बसले. डोळ्यांनी बघेन तेवढंच इथे.

भांडण कुंडीवरून. भोपळ्याच्या कुळातला हा वेल वहिनीने लावलेला. उन्हाळ्यात खिडकीचे गज चढतो, थंडीत सगळा वाळतो. उरतो मातीवर बसलेला कंद — करडा, धोंड्यासारखा. तेव्हा त्याला थेंबभरही पाणी नको, कुजतो. हे शिकवलं दादानेच! आणि आज कुंडीखालची बशी तुडुंब.

"मला कळत नाही का?" वर दादाच आवाज चढवून.

७ डिसेंबर
दादाने चहाआधी घातलं. चहानंतर पुन्हा. मी बघितलं. झारी माळ्यावर टाकली.

८ डिसेंबर
आंघोळीच्या मगाने घातलं!

१० डिसेंबर
कुंडीत पाटी खोचली — 'पाणी घालू नये'. दादाने चष्मा लावून वाचली.

"बरं केलंस, चिमे. कोणीतरी सारखं ओततंय."

घरात आम्ही दोघंच. मी भाजी चिरायला घेतली.

१५ डिसेंबर
कंद बुडाशी मऊ. उपटला. कुजलेलं सगळं कापलं, घट्ट पांढरा गर लागेपर्यंत. निम्म्याहून जास्त गेला.

"अगं हळू! जिवंत आहे तो!"

"हळू कापलं तर मरेल."

राख चोळून कपाटावर ठेवला, कोरडा. वहिनी गेली, तिच्या बाकीच्या वस्तू दादाला ओळखू येत नाहीत. ही येते. मरू देणार नाही. संपलं.

२ जानेवारी
रोज विचारतो, "कंद कुठाय?" रोज सांगते. चिडत नाही. — आज चिडले.

गाडी चालवू नकोस म्हटलं, त्याच्याकडे किल्ली मागितली. "मी काय म्हातारा झालो?" त्याने दिली नाही.

२० जानेवारी
जखम सुकली. कुंडीत वाळू भरून कंद बसवला, अर्धा वर ठेवून. पाटी तीच.

११ फेब्रुवारी
कंदाला डोळा फुटला! मुगाएवढा, हिरवा. दादाला हाताला धरून आणलं. वाकून बघत राहिला.

"आता पाणी द्यायचं, चिमे. बेताने."

बरोबर! झारी काढून त्याच्याच हातात दिली.

१२ फेब्रुवारी
सकाळी दादा भरलेली झारी घेऊन कुंडीपाशी उभा. बोटाने वाळू चाचपत होता. आधीच ओली होती.

"ते कोणीतरी... मीच ना, चिमे?"

"हो."

दादाने दिलं : झारी. गाडीची किल्ली. मी घेतलं.

पाटी त्याने स्वतःजवळ ठेवून घेतली.