दोन जावई, एक कॉम्प्युटर आणि दहा सेकंद

अमरावती,
अधिक ज्येष्ठ, धोंड्याच्या जेवणानंतरचा तिसरा दिवस

राजमान्य राजश्री किसनराव यांस सूर्यभानचा मनापासून रामराम. (एसटीच्या नोकरीत तुम्ही मला चार महिन्यांनी सीनियर, म्हणून निवृत्तीनंतरही 'तुम्ही' म्हणतो. तुम्ही मला खुशाल 'अबे' म्हणा, सवय आहे.) वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढू नका आणि तुमचं ऐकू नका. अकोल्याचा पारा आमच्यापेक्षा दीड अंशाने वर गेल्याचं पेपरात वाचलं. अभिनंदन. आम्ही कूलरच्या भरवशावर जिवंत आहोत.

तुमचं पत्र पोचलं. आमच्या धाकट्या पायलसाठी तुम्ही तुमच्या भाच्याचं, ललितचं, स्थळ सुचवलंत, फोटो पाठवलात आणि आठ दिवसांत हो की नाही कळवा म्हणालात. मुलगा मला आवडला. घर चांगलं, नोकरी चांगली, नाक सरळ. तरी आज सतरावा दिवस उजाडला, त्याला कारण आमचा कॉम्प्युटर. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

तुम्हाला माहीत आहे, मला दोन जावई. थोरला गोपाल चांदूर बाजारला ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवतो. मी निवृत्त झालो तेव्हा त्यानेच हा कॉम्प्युटर आणून दिला, विंडोज टाकून. मी त्यावर पेपर वाचतो, पेन्शनचे कागद पाहतो आणि पत्ते खेळतो (आमच्या मैनाबाईच्या मते फक्त पत्ते खेळतो). मागच्या वर्षी त्या विंडोजची मुदत संपली. गोपाल म्हणाला, नवं विंडोज या जुन्या डब्यात मावणार नाही, डबाच बदलू. दिवाळीला धाकटा जावई नितेश अकोल्याहून आला. तो कॉलेजात शिकवतो, त्यामुळे दिसेल त्याला शिकवतो. तो म्हणाला, डबा उत्तम आहे, फुकटचं लिनक्स टाकू. आणि मी चहाचं सांगून परत येईपर्यंत त्याने टाकायला घेतलंसुद्धा. आता जावयाला अर्ध्यावर थांबवणार कसं?

संक्रांतीला गोपाल आला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामाजी, म्या देल्लं ते काढून टाकलं काय?" एवढंच. पण त्या दिवशी त्याने दुसरी पोळी घेतली नाही. किसनराव, ज्या घरात जावई दुसरी पोळी घेत नाही त्या घरात सासऱ्याला तिसरी मिळत नाही, आणि गोपालची आरती तर माहेरी फोन करताना मला सोडून आईशीच बोलू लागली. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. माझ्या पत्रिकेत दहावा आणि अकरावा एकाच घरात येऊन बसले होते.

शेवटी पायलने तोड काढली. आठवडाभर कुणाला तरी फोनवर विचारून विचारून तिने त्या एकाच डब्यात विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवलं, एका घरात दोन भाडेकरू ठेवावेत तसं. आता यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात आणि दहापासून उलटे आकडे सुरू होतात. तेवढ्या वेळात बटण दाबून निवडलं नाही, तर वरच्या ओळीतली गाडी आपली आपण सुटते. मी परतवाडा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून बावीस वर्षं बसलो, एका फलाटावर दोन गाड्या कधी लागू दिल्या नाहीत, आणि म्हातारपणी घरात हे चालवू लागलो. गोपालची मोटरसायकल फाटकाशी वाजली की पायलला सांगून विंडोज लावायचं, नितेश बडनेऱ्याला गाडीतून उतरल्याचा फोन आला की लिनक्स. पाच महिने एकालाही दुसऱ्याचा वास लागला नाही.

मग आला धोंड्याचा महिना. दोघांनाही जेवायला बोलवायचं, दोघांनाही तेहतीस-तेहतीस अनारसे द्यायचे. मी म्हणालो, वेगवेगळ्या रविवारी बोलवू. मैनाबाई म्हणाली, पुरण एकदाच घालीन. झालं, दोघे एकाच दिवशी! सकाळपासून एकच प्रश्न, पडद्यावर कुणाचं लावायचं? मैनाबाईला सांगितलं तर म्हणाली, "लाइन गेली म्हना ना! काहून एवढा जीव जाऊन राहिला तुमचा?" मला ते पटलं. दोघे फाटकात दिसले तसा मी मीटरवरचा फ्यूज काढून खिशात घातला. एका गोष्टीचा विचार मात्र राहिला. कूलरही त्याच लाइनवर होता.

बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत तुपात थबथबलेले धोंडे. दोन्ही जावई घामाने असे निथळत होते की कुंकवाचे टिळे नाकापर्यंत आले. मी पुठ्ठ्याने दोघांना आळीपाळीने वारा घालत होतो (गोपालला तीन, नितेशला तीन, मोजून). गोपाल स्वभावाने मदतीचा. तो पानावरून उठला, बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "मामाजी, शेजारच्याचा कूलर तं चालून राहिला! आपला फ्यूजच नाही जाग्यावर." फ्यूज शोधू लागला. तेवढ्यात मी घाम पुसायला रुमाल काढला आणि रुमालाबरोबर फ्यूज ताटात पडला.

पुढचं थोडक्यात सांगतो. लाइन आली, कूलर फिरला, आणि कॉम्प्युटर (लाइन आली की आपोआप सुरू व्हायची सवय पायलनेच त्याला लावलेली) बैठकीत चालू झाला. काळा पडदा, दोन नावं, दहा, नऊ, आठ. दोघे जावई हातातला घास हातात धरून बघत राहिले. नितेशने विचारलं, "खरं सांगा मामाजी, रोज कोनतं चालवता तुमी?" मी खरं ते सांगून टाकलं. दहा सेकंदांत चष्मा सापडला तर मी निवडतो, नाही सापडला तर वरच्या ओळीतलं चालतं. चष्मा आजवर एकदाही सापडलेला नाही.

दोघे हसत सुटले, आणि मला वाटलं, सुटलो. पण लगेच वरच्या ओळीत कोण, हा वाद उभा राहिला. गोपाल लग्नाने थोरला, नितेश वयाने. दोघे जेवण टाकून कॉम्प्युटरपुढे बसले ते दिवेलागणीपर्यंत, आणि उठले ते जिवलग मित्र होऊन. आता दर रविवारी दोघे मिळून येणार आहेत, वरची ओळ बदलायला. यंत्राला मी हात लावायचा नाही असं ठरलं आहे, म्हणून हे पत्र हाताने लिहितो आहे.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो उन्हात वाळू देऊ नका.

आपला,
सूर्यभान

ता. क. – आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ललितच्या पुढ्यात जो कॉम्प्युटर आहे, त्याच्या पाठीवर अर्धवट खाल्लेलं सफरचंद दिसतं. तो तिसराच पंथ असतो म्हणतात. माझ्या डब्यात तिसऱ्याला जागा नाही. तेव्हा मुलाला आडून विचारा, सासऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावायची हौस आहे का. नसेल तर माझा होकार समजा.

दुसरं ता. क. – खरं सांगू किसनराव, कॉम्प्युटर हे निमित्त. पायल गेली की घर सुनं होणार, आणि त्या दोन नावांपुढे मी एकटा बसणार. म्हणून पत्र लांबवत होतो. तरी विचाराच.

तिसरं – काका, मी पायल. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं. आपलं ठरलं होतं तसंच, हे स्थळ तुम्हीच सुचवलंत असं राहू द्या. ते सफरचंद ऑफिसचं आहे. ललितच्या घरी आमच्यासारखंच, एका डब्यात दोन्ही. संक्रांतीनंतर आठवडाभर फोनवरून मला ते बसवायला त्यानेच शिकवलं. बाबांना मात्र 'मुलाला हौस नाही' एवढंच कळवा. आणि माझं सासर अकोल्याला, म्हणजे दोन तासांवर. दर रविवारी तिसरा जावईही येईल, बाबांचा चष्मा शोधायला. उत्तर लवकर पाठवा काका, चष्मा सापडायच्या आत ठरलेलं बरं.