ह्यांचा फोन उघडत नाही

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या बाकावर. दुपारचे दोन वाजलेत. मुलगी आत तिच्या बाबांजवळ आहे आणि तिला वाटतंय मी बाहेर कुणाला तरी फोन करतेय. कुणाला करू? माझ्या भावाला, नणंदेला, ह्यांच्या कारखान्यातल्या मित्रांना, सगळ्यांना एकच सांगून झालं आहे की ह्यांचा फोन उघडत नाही. मग तुम्ही आठवलात. एक तर ह्या घोटाळ्याच्या मुळाशी तुमचीच शिकवण आहे. आणि दुसरं असं की जे मला लिहायचं आहे ते जिवंत माणसाला लिहायची माझी छाती नाही.

हे म्हणजे माझे मिस्टर. तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंत, लग्नानंतर आम्ही पेढे घेऊन तुमच्या टायपिंगच्या क्लासवर आलो होतो तेव्हा. नंतर तुम्ही मला म्हणालात की माणूस चांगला आहे, पण बोलतो फार जोरात. सांवेर रोडच्या कारखान्यात मशीनांच्या आवाजावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज तसा झाला होता. घरी साधं मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे. तीन वर्षांपूर्वी त्या आवाजाला काहीतरी झालं. आधी शब्द बोबडे यायला लागले, मग घास अडकायला लागला, मग हातातून पेला सुटला. नसांचा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू एकेक करून बंद पडत जातील, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील, आणि पुढे कधीतरी श्वासासाठी गळ्यात नळी घालायची की नाही हे ठरवावं लागेल. दीड वर्षापूर्वी बोलणं पार गेलं आणि तेव्हापासून फोन हाच त्यांचा आवाज झाला. उजव्या हाताच्या एका बोटाने ते अक्षर अक्षर दाबतात आणि फोन ते वाचून दाखवतो, बाईच्या आवाजात, हिंदी वळणाने. चहात साखर कमी आहे हे ती बाई अशा थाटात सांगते की जणू गाडी दोन तास उशिरा येणार आहे. आम्ही तिघं पोट धरून हसायचो, आणि हसताना ह्यांना दम लागला की एकदम गप्प व्हायचो.

आता माझी चूक ऐका. फोनमध्ये दोन कीबोर्ड होते. एक फोनबरोबर आलेला, इंग्रजी अक्षरांचा, आपल्या मनाने शब्द सुचवणारा. दुसरा मी मुद्दाम शोधून घातलेला, मोठ्या मराठी अक्षरांचा. ह्यांचं बोट जरा सरकलं की पहिला मध्येच उगवायचा, आणि परत दुसऱ्यावर यायला त्यांची निम्मी शक्ती जायची. मला त्या पहिल्या कीबोर्डचा भारी राग होता. तुम्ही शिकवलं होतंत ना, हिंदी मशीन शिकताना इंग्रजीला तीन महिने हात लावायचा नाही, एका वेळी एकच पाटी, दोन ठेवल्या की दोन्ही बिघडतात. मी अगदी तेच केलं. मागच्या महिन्यात सेटिंगमध्ये गेले आणि फोनचा मूळचा कीबोर्ड बंदच करून टाकला. दुसऱ्या कुणी तो पडू दिला असता एका कोपऱ्यात. पण मी पडले टायपिस्ट.

परवा सकाळी फोन अपडेट झाला आणि आपोआप बंद होऊन चालू झाला. एरवी मी अंगठा टेकवला की तो उघडतो, दोन वर्षं तेच चाललं होतं. पण नुकता चालू झालेला फोन अंगठा मानत नाही, त्याला पासवर्डच लागतो. मी पासवर्डच्या चौकोनावर बोट ठेवलं. आत एक उभी रेघ लुकलुकत राहिली आणि खाली कीबोर्ड आलाच नाही. पुन्हा दाबलं, पुसून दाबलं, बंद करून चालू केला, तरी तेच. मुलीने तिच्या फोनवर शोधून सांगितलं की बाहेरून घातलेला कीबोर्ड कुलूप उघडल्याशिवाय जागा होत नाही. कुलपाच्या बाहेर चालतो तो फोनचा स्वतःचा, आणि तो मीच बंद करून ठेवलेला. पासवर्ड मला पाठ होता, सर. तुमचा पहिला धडा, डाव्या हाताचा, ए एस डी एफ जी एफ. पाठ आहे आणि टाकायला जागा नाही. हे पलंगावरून माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांना लहान मुलाला सांगावं तसं सांगत होते की होईल हं, होईल.

त्याच दुपारी त्यांना श्वास पुरेना आणि आम्ही इथे आलो. डॉक्टर बाई तरुण आहेत, शांत बोलतात. काल सकाळी त्यांनी आम्हाला समजावलं की तोंडावरच्या मास्कने आता भागत नाही, रक्तात कार्बन वाढतोय, त्यामुळे पेशंट गुंगीत जाईल. गळ्याला छेद देऊन नळी घालता येईल आणि मशीन लावता येईल, पण ते मग कायमचं. किंवा नळी घालायची नाही आणि त्रास होऊ द्यायचा नाही एवढंच बघायचं. "ये फैसला उनका है, आंटीजी," त्या म्हणाल्या. "आज वो बता सकते हैं. कल का मैं नहीं कह सकती."

आमची डोळ्यांची खूण ठरलेली आहे, एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. डॉक्टर बाईंनी वाकून त्यांना नळीचं विचारलं. ह्यांनी डोळे मिटलेच नाहीत, ते माझ्याकडे बघत राहिले. मग मुलीने पुठ्ठ्यावर क ख ग लिहिले आणि एकेका अक्षरावर बोट फिरवत बसली. फ वर डोळे मिटले. मग किती वेळ काहीच नाही. मग न. त्या दोन अक्षरांत ते इतके थकले की झोपच लागली. "आई, फोन म्हणतायत," मुलगी म्हणाली. "बाबांनी फोनमध्ये काहीतरी लिहून ठेवलंय." मला ते ठाऊक होतं. आठ दिवस ते काहीतरी टाइप करत होते आणि मी जवळ गेले की हात सरकवून स्क्रीन झाकत होते. मला वाटायचं, माझ्या वाढदिवसाचं काही चाललं असेल. बघा माझी अक्कल.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की रिसेट करून देतो, आतलं सगळं पुसलं जाईल. मी फोन ओढूनच घेतला त्यांच्या हातातून. मग रिक्षा करून जेल रोडला गेले. तुमचा क्लास होता त्या रस्त्यावर आता मोबाइलचीच दुकानं आहेत, खाली, वर, जिन्यातसुद्धा. तुमची खोली मला ओळखता आली नाही. पण तिथे उभं राहिल्यावर मला आपली बारा मशीनं ऐकू आली. महूहून पलटणीतली कारकुनी संपवून आलेले तुम्ही, इस्त्रीचा शर्ट, आणि मागच्या मोरीशेजारी स्टोव्हवर स्वतः केलेला चहा. आम्हा मुलींना स्टीलच्या ग्लासात, तोही धडा पुरा झाल्यावरच. तुम्ही आमच्या हातांवर रुमाल टाकायचात, बोटं दिसू नयेत म्हणून. आणि तो एक दिवस. तुम्ही एका शिपायाला कामावरून काढल्याचं पत्र डिक्टेट करताय. मला त्या न पाहिलेल्या शिपायाची दया येते आणि मी एक वाक्य जरा मऊ करून टाकते. तुम्ही वाचता, कागद मशीनमधून ओढता आणि सगळ्या वर्गासमोर टराटरा फाडता.

"तुला कोणी विचारलं काय?" तुम्ही म्हणालात. "ज्याने बोललं, त्याचंच कागदावर आलं पाहिजे. त्यात आपलं दिमाग नाही लावायचं, बेटा. कभी नहीं."

मी रडले, आणि तुम्ही तो धडा माझ्याकडून सात वेळा टाइप करून घेतलात. त्याच धड्याच्या जोरावर मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून काढली. साक्षीदार जे बोलला तेच. तो मध्येच अडखळला, आईचं नाव घेऊन गप्प बसला, तरी मी माझ्या मनाचा शब्द घातला नाही. साहेब लोक म्हणायचे की बाईंची नक्कल म्हणजे डोळे मिटून सही करावी.

जेल रोडला मी पाच दुकानं फिरले. चौघांनी रिसेटच सांगितलं. पाचवा आपल्यातलाच, मराठी निघाला, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, रिसेट मारलं तर सगळं गेलं समजा. त्याच्यापेक्षा कॉम्प्युटरचा कीबोर्ड लावून बघू न, तारेने. चालला तर चालला." त्याने एक बोटभर लांबीची तार काढली, तिच्या एका टोकाला फोन आणि दुसऱ्या टोकाला एक जुना कळकट कीबोर्ड जोडला आणि मला स्टूल दिलं. मी हात ठेवले. ए एस डी एफ जी एफ. चौकोनात सहा काळे ठिपके उमटले. पासवर्ड चुकीचा. पुन्हा. चुकीचा. सहा अक्षरं, सर, झोपेत टाइप करीन अशी, आणि पाच वेळा चुकली. फोन म्हणाला तीस सेकंद थांबा. मी हात मांडीखाली दाबून धरले. मला वाटलं संपलं, ह्यांचं शेवटचं बोलणं माझ्या हातांनी बुडवलं. दुकानदाराने कीबोर्ड आपल्याकडे ओढला, एक बटण दाबलं आणि म्हणाला की कॅपिटलचं बटण चालूच राहिलेलं, ताई, ह्याचा दिवा गेलेला आहे, दिसत नाही. सहाव्या वेळी फोन उघडला.

माझा जीव भांड्यात पडला. मी त्याला हात जोडले. तो बिचारा खूश होऊन सांगत होता की आता लगेच सेटिंगमध्ये जा आणि तो मूळचा कीबोर्ड चालू करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे, मग असं कधी होणार नाही. मी हो हो म्हटलं आणि आधी ह्यांची नोट उघडली.

लिहिलं होतं ते असं. नळी नको. मी नीट विचार करून सांगतो आहे. मशीन लावलं तर तू नर्स होशील. मला बायको पाहिजे, आहेत तेवढे दिवस. मुलीला सांग बाबा घाबरले नाहीत. हे डॉक्टरला वाचून दाखव, जसं आहे तसं. तू सुधारशील, मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

एवढंच. आठ दिवसांचं टायपिंग.

मी ते तीनदा वाचलं. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. मी सेटिंग उघडलं नाही, कीबोर्ड चालू केला नाही. तार काढली, बाजूचं बटण दाबून फोन बंद केला आणि परत चालू केला. तोच चौकोन आला, तीच रेघ लुकलुकत राहिली, खाली काही नाही. मग रिक्षाने इथे आले आणि मुलीला सांगितलं की नाही उघडला. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "आई, मग आपणच हो म्हणू. बाबांना असं कसं जाऊ देणार?" मी मान हलवली. ह्यांच्यासमोर फोन धरून तेच सांगितलं, की हो, खूप फिरले, पण उघडत नाही. तेव्हा ते जागे होते. त्यांनी फोनकडे पाहिलं नाहीच, माझ्याकडेच बघत राहिले, आणि मीच मास्कचा पट्टा सारखा करायला वाकले. तीस वर्षं ह्या माणसाशी मी साधं भाजीच्या भावाचं खोटं बोलले तरी पकडली गेले आहे.

आज सकाळी त्यांची गुंगी वाढली. डोळ्यांची खूण आता येत नाही. अकरा वाजता डॉक्टर बाईंनी पुन्हा विचारलं की फोनचं काही झालं का, आणि मी नाही म्हटलं. मग त्यांनी फॉर्म पुढे केला आणि मी सही केली, पूर्ण नावाची, स्वच्छ. नळी उद्या सकाळी घालणार आहेत. म्हणजे अजून आजची दुपार आहे, संध्याकाळ आहे. जेल रोड इथून वीस मिनिटांवर आहे. जाऊन यायला तासही लागणार नाही.

मी उठणार नाही, सर. हा कागद फाडून टाकीन आणि आत जाऊन त्यांचे पाय चेपत बसेन. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. त्यांना काय हवं ते मी वाचलं आहे. आणि मला ते हवे आहेत. नळीसकट, मशीनसकट, जन्मभर माझ्यावर रागावलेले, पण हवे आहेत.